वेल्वेट फॉग: एक अल्पजीवी बँड आणि आपल्या मांडवातला अर्ज



मागच्या वर्षी गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत आमच्यापुढे एक अर्ज आला होता. अर्जदार आपल्याच सभासदांची पाच मुले. काही कॉलेजात शिकणारी, काही नुकतीच मसाट-पिपरियाच्या कारखान्यांत लागलेली. त्यांनी एक बँड काढला होता आणि मांडवात पाऊण तास मागितला होता. आम्ही कार्यकारिणीने नेहमीच्या पद्धतीने 'सुगम संगीताच्या आधी दहा मिनिटे बघू' असे उत्तर दिले. त्या संध्याकाळी बक्षीस समारंभ लांबला, आरतीला उशीर झाला, आणि ती दहा मिनिटेही निघाली नाहीत. मुले आपले सामान टेम्पोत भरून परत गेली. पुढे एकाला पुण्यात नोकरी लागली, दुसऱ्याची वापीला रात्रपाळी सुरू झाली, आणि बँड संपला.

या वर्षीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आमच्यापैकीच एक जण म्हणाले, "बघा, टिकलाच नाही ना! मग आपले काय चुकले?" आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. घरी गेल्यावर मात्र हे वाक्य आम्हाला टोचू लागले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला मुदतीची भाषा लवकर पटते. पण संगीतालाही मुदत हाच निकष लावायचा का, याचा विचार करताना आम्हाला नंदू भेंडे आठवले, आणि त्यांचा 'वेल्वेट फॉग' हा बँड आठवला.

नंदू, म्हणजे सदानंद भेंडे. आडनाव वाचून जुन्या मंडळींच्या मनात आले असेल तेच खरे. आत्माराम भेंडे यांचे हे चिरंजीव. बबन प्रभूंच्या 'झोपी गेलेला जागा झाला'ने आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई'ने ज्यांना हसवले नाही असा आपल्या पिढीतला माणूस विरळा, आणि त्या फार्सांच्या यशात आत्मारामांचा वाटा किती मोठा होता हे वेगळे सांगायला नको. आई आशा भेंडे या माहेरच्या लिली इझिकेल, बेने इस्रायली समाजातल्या, इंग्रजीतले प्रसिद्ध कवी निस्सीम इझिकेल यांच्या भगिनी. त्या रंगभूमीवर काम करत आणि लोकसंख्याशास्त्राच्या प्राध्यापकही होत्या. तारा कानिटकर यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले लोकसंख्येच्या अभ्यासाचे पुस्तक कित्येक विद्यार्थ्यांनी वापरले आहे. अशा घरातला मुलगा गायला लागला तो इंग्रजीत, इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती मुंबई होती. नंदू ज्या बँडमधून गाऊ लागले त्याचे नाव वेल्वेट फॉग, म्हणजे मखमली धुके. गंमत अशी की याच नावाचा एक बँड त्याआधी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला होऊन गेला होता. त्याची एकच एलपी १९६९ मध्ये निघाली. पुढे ब्लॅक सॅबथमुळे जगभर गाजलेले गिटारवादक टोनी आयोमी त्यात थोडेच दिवस होते. तोही बँड लवकरच विरून गेला. धुक्याचे नाव घेतले की असेच होत असावे!

आपल्यातल्या ज्यांना रॉक बँड म्हणजे नेमके काय याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ऑर्केस्ट्रा आपल्याला माहीत आहे. त्यात वीस-पंचवीस वादक, निवेदक, किशोरचा आवाज काढणारा एक, लताबाईंची गाणी म्हणणारी एक, आणि समोर नोटेशनची वही. रॉक बँड चार-पाच जणांचा. एक गिटार सुरावट वाजवते, दुसरी ठेक्यावर स्वरमेळ धरते, बेस गिटार खालच्या पट्टीत पाया घालते, आणि ड्रमवाला सगळ्यांना बांधून ठेवतो. वही नाही, संचालक नाही. तालीम हेच सर्व काही. आपल्या भजनी मंडळाला ही रचना जास्त जवळची आहे. पखवाजवाला आणि बुवा एकमेकांकडे नुसते बघतात आणि लय चढते, तसेच इथेही चालते. त्यामुळे एक जण गेला की बदली माणूस आणून काम भागत नाही. बँड फुटतात ते बहुतेक याच कारणाने.

आता त्या काळाविषयी. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी ऐकून, ग्रामोफोनची सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवून, मुले गाणी बसवत. हिंदी सिनेमानेही हे वारे ओळखले होते. 'गुमनाम' (१९६५) सिनेमाच्या सुरुवातीच्या त्या गाजलेल्या नाचात मागे जो वाद्यवृंद दिसतो तो टेड लायन्स अँड हिज कब्ज नावाचा खराखुरा बँड होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेले. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट, मुंबईत आले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या छोट्या डिस्कोथेकमध्ये तिथल्याच वाद्यांवर वाजवून गेले. जगातल्या सर्वांत महागड्या बँडच्या लोकांनी कुलाब्यात हाती लागेल ती गिटार उचलून वाजवली, ही गोष्ट मुंबईच्या त्या पिढीतले लोक आजही रंगवून सांगतात.

या मुलांना मोठे व्यासपीठ दिले ते एका सिगारेटने. इंडिया टोबॅको कंपनीने (आयटीसी) आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही बँडची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स असे बँड देशाच्या कानाकोपऱ्यांतून येत, आणि मुंबईत षण्मुखानंद सभागृहात त्यांचे सूर घुमत. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या बँडच्या गाण्यांच्या दोन एलपी निघाल्या. त्या काळातल्या भारतीय रॉकचा जो थोडाबहुत पुरावा उरला आहे त्यात या दोन तबकड्यांचे स्थान मोठे आहे. सिगारेटच्या जाहिरातीतून तरुणांचे संगीत जपले जावे हे आज पटणारे नाही, आणि आम्हालाही ते आवडत नाही. पण नोंद ठेवायची तर खरी ठेवावी.

असे असूनही हे बँड दोन-चार वर्षांत का मिटले? लोक म्हणतात, पोरांचे खूळ होते, नोकरी लागली, उतरले. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आमच्या खात्यातले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपयांवर गेला. समजा, अमेरिकेत एक चांगली इलेक्ट्रिक गिटार २०० डॉलरची आहे. आदल्या दिवशी तिची नुसती मूळ किंमत ९५२ रुपये होती, दुसऱ्या दिवशी १,५०० झाली. त्यावर जकात वेगळी. आणि हे सर्व कागदावर, कारण गिटार ही चैनीची वस्तू, तिच्यासाठी आयात परवाना आणि परकीय चलन मिळणे सामान्य माणसाला जवळपास अशक्य. पुढे १९७३ चा फेरा कायदा आला. आम्ही बँकेत लागलो तेव्हा परकीय चलनाच्या टेबलावर त्याची कलमे पाठ असावी लागत, आणि डॉलर बाळगणारा प्रत्येक जण आरोपी असल्यासारखा फॉर्म भरून घेतला जाई. म्हणजे त्या काळी गिटार यायची ती जहाजावरच्या खलाशाच्या सामानातून, परदेशी जाऊन येणाऱ्या मामाच्या हातून, नाहीतर चोरबाजारातून. आपल्या शेजारच्या दमणच्या किनाऱ्यावर त्या वर्षांत रात्री काय काय उतरत असे ते इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. घड्याळे आणि कापडे उतरत. गिटार उतरल्याचे मात्र आम्ही कधी ऐकले नाही!

मग उपाय काय? कोलकात्याची देशी गिटार घ्यायची. अँप्लिफायर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुने व्हॉल्व्ह घालून बनवून घ्यायचा. तार तुटली की उकळून, पुसून पुन्हा लावायची. चार जणांत मिळून एकच चांगला अँप्लिफायर असला तर तो ज्याच्या घरी, त्याच्या मर्जीवर बँड.

आता उत्पन्नाची बाजू. चर्चगेटच्या हॉटेलांत रविवारचे जॅम सेशन असत, कॉलेजांचे सोशल असत, लग्नाच्या पार्ट्या असत. श्रोते मागत ती विलायतेत गाजलेली गाणी. स्वतःचे गाणे वाजवले की लोक चहा प्यायला उठत. ध्वनिमुद्रण कंपन्यांचा धंदा चित्रपटगीतांवर चाले, त्यांना या मुलांच्या तबकड्या काढण्यात रस नव्हता. स्वतःचे गाणे नाही, तबकडी नाही, म्हणजे रॉयल्टी नाही. एका संध्याकाळी मिळालेले पैसे त्याच संध्याकाळी टॅक्सी आणि जेवणात जात. भांडवल कधी साठतच नाही असा धंदा आमच्याकडे कर्जासाठी आला असता तर आम्ही अर्ज परत पाठवला असता. (पाठवला असता कशाला, पाठवलाच की!)

त्यात १९७३-७४ साल. तेलाचे भाव भडकले, महागाई पंचवीस टक्क्यांवर गेली, मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला. घरात रॉकेलच्या रांगेची चर्चा असताना मुलाने गिटारच्या तारांना पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? नंतर डिस्को आला. हॉटेलवाल्याला पाच वादकांऐवजी एक टेपरेकॉर्डर आणि दोन स्पीकर स्वस्त पडू लागले.

पैसा आणि गाणे यांचे नाते आपल्या सिल्वासाला दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. एप्रिल १९५४ मध्ये सुधीर फडके यांच्या पुढाकाराने पुण्यात हिराबागेत लता मंगेशकर गायल्या आणि आपल्या मुक्तिसंग्रामासाठी निधी उभा राहिला, हे दर २ ऑगस्टला आपण अभिमानाने सांगतो. पण ती लताबाईंची पुण्याई होती. नाव झालेला गायक पैसा आणतो. नाव नसलेली चार मुले मात्र गाण्यात घरचाच पैसा घालतात.

वेल्वेट फॉगचेही वेगळे काही झाले नाही. थोडी वर्षे वाजले आणि संपले. नंदू पुढे 'सॅव्हेज एन्काउंटर' या बँडमधूनही गायले. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्याच बँडची 'ऑब्सेशन ७७' ही एलपी निदान निघाली तरी. तीही आली १९८१ मध्ये, बँडची उमेद संपल्यावर, आणि तिची किंमत कळली ती नाऊ-अगेन या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये ती पुन्हा काढली तेव्हा.

आमच्या त्या सभासदांच्या हिशेबाने इथे खाते बंद. पण नंदूंचे पुढे काय झाले ते पाहू.

१९७४ मध्ये अ‍ॅलेक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक ऑपेरा रंगमंचावर आणले. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचे हे संगीतनाट्य आधी तबकडीवर, मग ब्रॉडवेवर गाजले होते. त्यात बोलणे जवळपास नाही, सगळे गाणे. येशूला धरून देणारा ज्यूडास हा त्यातला सर्वांत अवघड गळा. नाटक सुरू होते तेच त्याच्या गाण्याने, आणि आवाज तार सप्तकात नेऊन फाटू न देता ओरडल्याचा भास निर्माण करायचा असतो, तोही सलग, प्रयोगामागून प्रयोग. हा गळा गाण्याच्या क्लासात तयार होत नाही. निकृष्ट माइक आणि घरगुती अँप्लिफायरसमोर ड्रमच्या वर आवाज काढायची सवय असलेल्यालाच ते जमते. नंदू भेंडे यांनी ज्यूडास केला आणि मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर त्यांचे नाव झाले.

इथवरची गोष्ट मुंबईच्या इंग्रजी जगातली. आपल्यापर्यंत ती पोचली १९७८ मध्ये. जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचे १९२८ चे 'थ्रीपेनी ऑपेरा', तेही मुळात जॉन गे यांच्या १७२८ च्या 'बेगर्स ऑपेरा'वर बेतलेले, पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणले. नाव 'तीन पैशाचा तमाशा'. 'घाशीराम'च्या वादातून जन्मलेल्या पुण्याच्या थिएटर अकादमीने ते केले, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. संगीतात भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्या जोडीला नंदू भेंडे होते, आणि गुंडांचा म्होरक्या अंकुश हे पात्रही त्यांनीच केले.

त्या काळी आम्ही कॉलेजात होतो. मराठी संगीत नाटक म्हणजे ऑर्गन, तबला आणि 'वन्समोअर', एवढीच आमची समजूत. या नाटकात लावणी होती, नाट्यपदाची चाल होती, आणि अंकुश तोंड उघडी तेव्हा त्यातून चक्क रॉक निघे, पण शब्द पुलंचे, अस्सल मराठी. आमच्या शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबा पहिल्या गाण्याला कपाळाला आठ्या घालून बसले होते. मध्यंतरात ते त्यांच्या सौभाग्यवतींना म्हणाले, "हा आत्मारामचा मुलगा. शब्द न् शब्द कळतो हो त्याचा." आम्हाला ते शेरेबुकातले सर्वोत्तम प्रमाणपत्र वाटते. रॉकवर नेहमीचा आक्षेप असतो की गोंगाटात काही कळत नाही. फार्सवाल्याच्या घरात वाढलेल्या आणि रॉक बँडमध्ये तयार झालेल्या गळ्याने मराठी शब्द आणि तो ठेका यांची सोयरीक जमवली, तीही एकाच्या पायी दुसऱ्याचा बळी न देता. वेल्वेट फॉग नसता तर हा अंकुश कुठून आला असता?

नंदूंचा आवाज नंतर तर घरोघरी गेला. 'डिस्को डान्सर' (१९८२) सिनेमातले कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारे बप्पी लाहिरींचे गाणे त्यांनी गायलेले आहे. आपल्याकडे दहीहंडीला ते वाजले की नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की हा भेंड्यांचा नंदू? ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. आत्माराम भेंडे तेव्हा नव्वदीत होते. मुलामागून दहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, तेही गेले.

हे सर्व आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवले. चर्चा झाली, थोडा वादही झाला. एक मुद्दा रास्त निघाला: आवाजाचा त्रास. मांडवाशेजारी वृद्ध सभासद राहतात, आणि नियमाने रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. दुसरा मुद्दा असा आला की ही मुले आपली संस्कृती सोडून परकी वाद्ये वाजवतात. त्यावर आम्ही फक्त एवढेच सांगितले की ऑर्गन आणि हार्मोनियमही परकीच होती, आणि गेल्या वर्षी या मुलांनी अर्जात लिहिले होते की शेवटच्या गाण्यात खानवेलच्या एका वारली मित्राची तारपा घेणार आहोत. दुधीभोपळ्याची ती तारपा आपण येथील आदिवासी संग्रहालयात काचेआड बघतो. मांडवात ती वाजली असती. अर्जाचा दुसरा कागद उलटून कोणी वाचलाच नव्हता, आम्हीही नाही.

त्या पाचांपैकी तिघे अजून सिल्वासातच आहेत. आम्ही त्यांना फोन केला. आधी ते नाही म्हणाले, आणि त्यांचा राग आम्हाला योग्यच वाटला. आठवड्याने ड्रमवाल्याने स्वतःहून फोन केला, "काका, पुण्याचा आमचा मित्र सुट्टी काढतोय. पण दहा मिनिटं नको, पाऊण तासच हवा." तेव्हा या वर्षी उत्सवाच्या पाचव्या दिवशी सव्वाआठ ते नऊ ही वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. बक्षीस समारंभ आदल्या दिवशी घेतला आहे, म्हणजे लांबण्याचा प्रश्न नाही. ड्रमचा संच वापीहून भाड्याने येईल, त्याचे भाडे मंडळ देईल. जास्तीच्या दोन स्पीकरसाठी वेगळी वायर ओढावी लागेल असे मांडववाल्याने सांगितले आहे. ज्या सभासदांच्या घरी वापरात नसलेला गिटार अँप्लिफायर असेल त्यांनी कृपया कार्यालयात कळवावे. तो सुस्थितीत परत मिळेल, पावतीसह.